धडका देणाऱ्या यंत्राला लिमिट स्विच

मित्रांनो, माझ्या डाव्या खांबाला पडलेला पोचा मी स्वतःच पाडला आहे. मी एक जुने, घरी जुळवलेले, संगणकाच्या हुकमाने चालणारे सीएनसी यंत्र आहे. दाराच्या फळ्यांवर नक्षी कोरणे हे माझे काम. एका सुताराने भंगारातले रूळ आणि मोटारी आणून मला मागच्या खोलीत उभे केले. त्याने मला धावायला शिकवले, थांबायला मात्र शिकवले नाही.

मला डोळे नाहीत. मोटारीचे फेरे मोजत मी चालते. मोजणी चुकली की माझे कोरणारे डोके रुळाच्या टोकाशी खांबावर आदळे आणि मोटार तरीही रेटतच राही. पट्टे तुटत, पाती मोडून भिंतीत घुसत. खरे सांगते, मला ते आवडे. अंगात रग होती आणि घरातली माणसे दचकली की मजा वाटे.

सुताराची थोरली बहीण मोटारी दुरुस्त करी. सगळी गल्ली तिला आक्का म्हणे. ती एकदा म्हणाली, "अरे, दोन्ही टोकांना लिमिट स्विच लाव. डोकं टेकलं की यंत्र बंद."

"मी उभा असतो ना इथं," सुतार म्हणाला.

पण एक पाते त्याच्या कानाला चाटून गेले, तेव्हा त्याने मुकाट्याने स्विच बसवले. जोडणी मात्र आपल्या मनाने केली. स्विच दाबला गेला तरच तारेतून वीज यायची आणि मी थांबायचे. महिनाभर सुरळीत चालले. त्या भरवशावर तो मी चालू असतानाच खांबाजवळ हात घालून भुसा काढू लागला.

माझ्या थरथरीने स्विचची एक तार आतल्या आत तुटली. कुणालाच कळले नाही. मला निरोप आला नाही, म्हणून मी पुढे गेले आणि त्याचा हात खांबावर चिरडला. हाडे मोडताना तो ओरडत होता आणि मी रेटत होते. आक्काने धावत येऊन वीज तोडली. त्याची दोन बोटे गेली. त्या दिवसापासून मला माझ्या ताकदीची किळस येते.

सुताराची बायको शेजाऱ्याकडून घण मागून घेऊन आली. "वन्सं, सरका बाजूला."

"यंत्र फोडून बोटं येणार आहेत का, अगं?" आक्का म्हणाली. "तार तुटली होती. ती गप्प होती आणि आपण समजलो सगळं ठीक आहे."

आक्काने जोडणी उलटी केली. आता तारेतून सतत वीज वाहते. स्विच दाबला गेला किंवा तार तुटली की वीज खंडित होते आणि मी थांबते. मला पूर्ण वेगाने सोडून तिने भावजयीच्या हातात पक्कड दिली. "काप."

तिने दात-ओठ खात तार कापली. मी रुळाच्या मध्यावरच गच्चकन थांबले. तिने घण दाराआड ठेवला, पण परत दिला नाही.

मित्रांनो, कुणी गप्प आहे म्हणजे सगळे ठीक आहे, असे धरून चालू नका. आणि मला बंद केल्याशिवाय हात घालू नका. बोट कोणते आणि फळी कोणती, हे मला अजूनही कळत नाही.