डावा हात मागून

पेन्सिलीचं टोक बोथट झालं होतं… चालेल, तिनं मनात म्हटलं, आज लिहायची वेळ यायचीच नाही. तीन वर्षं ती पोहण्याच्या तलावाच्या या टोकाला वळणाची पंच म्हणून उभी राहते आहे आणि तिच्या नजरेबद्दल कुणाला शंका नाही — तिला स्वतःला तर मुळीच नाही. ब्रेस्टस्ट्रोकचा नियम साधा: वळताना दोन्ही हात एकदमच भिंतीला लागले पाहिजेत, एक आधी, एक मागून झाला की पोहणारी बाद. ती स्वतः पोहायची तेव्हा वडील यावरून तिची खेचायचे, "लोक हरले की हात टेकतात, आमची पोरगी जिंकायला टेकते!"

आणि जिंकायचीही. कॉलेजची चार वर्षं, पहाटेचं झोंबणारं पाणी, पाय बेडकासारखे मारते म्हणून पडलेलं 'बेडकी' हे टोपणनाव — ते तिनं मिरवलंच — आणि परदेशातल्या तीन स्पर्धा, शेवटच्या स्पर्धेत ब्राँझ. बेडकी फुगली म्हणून बैल होत नाही म्हणतात. ही आठवडाभर तरी झाली होती. मी चांगलीच होते, त्यात खोटा विनय कशाला?

चौथ्या लेनमधली मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. आज जी पहिली येईल ती परदेशी स्पर्धेला जाणार, आणि हिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. तिसरं वळण. उजवा हात भिंतीला लागला… आणि डावा मागून आला. पापणी लवेल इतकाच मागून.

डोळ्यांआधी ते तिच्या तळहाताला कळलं. कारण तिकडे, ब्राँझच्या त्या शर्यतीत, परक्या पाण्यात, तिसऱ्याच वळणाला तिचाही डावा खांदा असाच मागे राहिला होता — आणि शेवटचे पन्नास मीटर ती वेगासाठी नव्हे, कुणीतरी पंच चूक दाखवायला हात वर करील या भीतीनं पोहली होती. कुणीच केला नाही. चौथी आलेली मुलगी डोक्यावर टॉवेल घेऊन बसून राहिली, आणि हिनं मान वाकवून पदक घालून घेतलं. नऊ वर्षं झाली. वडील अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ते कपाटातून काढून दाखवतात.

तिनं हात वर केला. ताठ, ताबडतोब. मग चिठ्ठीवर लिहिलं: लेन चार, तिसरं वळण, डावा हात उशिरा. अक्षर जाड आलं, पण वाचता येत होतं.

शर्यत संपल्यावर मुलगी निथळतच तलावाला वळसा घालून आली.

"ताई, नक्की दिसलं तुम्हाला? की नुसतं वाटलं?"

"दिसलं."

मुलीनं ओठ घट्ट मिटले, नाक पुसलं. "मलाही कळलं होतं. म्हटलं, गेलं खपून." मग रडू आवरत, खरोखरच्या कुतूहलानं तिनं विचारलं, "पण एवढं बारीक कसं कळतं हो तुम्हाला?"

हा प्रश्न तिला नेहमी विचारतात, आणि 'सवय' हे उत्तर तिच्या जिभेवर तयार असतं. आज ते आलं नाही. वडील आठवले, कपाटाचं दार उघडताना… मुलगी समोर थंडीनं कुडकुडत वाट पाहत होती. काय सांगणार आहे मी हिला? ठाऊक नव्हतं, पण सांगायची भीती वाटत नव्हती, आणि त्याचंच तिला नवल वाटत राहिलं.