शिक्र्याचा घास

"झाड पाडायला तुमच्याकडं मशीन हाय, अन् झाडावरचं पिल्लू उचलायला माणूस न्हाई? कसलं काम म्हणायचं हे तुमचं?"

गौरम्मा फोनवर बोलत होती आणि दुसऱ्या हातानं टोपलीवर ओला पंचा धरत होती. पलीकडच्या साहेबांनी 'बघतो' म्हणून फोन ठेवला. साहेब लोकांचं बघणं तेवढंच असतं. उदगीरचा रस्ता रुंद करायला तिच्या दारासमोरचा लिंब त्यांनी सकाळी आडवा केला, फांद्या ट्रॉलीत भरून नेल्या, आणि घरट्यातून पडलेलं पिल्लू गटारीच्या कडेला तसंच सोडलं. वनखात्याची गाडी म्हणे परवा येणार. परवापर्यंत दम धर, हे पिल्लाला कोण सांगणार?

गल्लीनं येऊन पाहून घेतलं. कुणी घार म्हणालं, कुणी ससाणा. शेजारच्या उमाबाईंनी तर घुबड ठरवून दार लावून घेतलं. गौरम्मानं दुधात कुस्करलेली भाकरी चोचीशी धरली. आजारी माणसाला, मांजरीला, आईवेगळ्या वासराला तिनं जन्मभर हेच दिलं होतं. पिल्लानं तोंड फिरवलं. ऊन कललं तशी त्याची मान उभी राहीना.

तेव्हा तिनं नांदेडला लेकीला, तनुजाला, व्हिडिओ कॉल लावला. तनुजा शाळेत विज्ञान शिकवते, सुट्टीत दुर्बीण घेऊन पाखरं बघत हिंडते. तिनं पिल्लाचे पाय दाखवायला सांगितले. पिवळे, लांब, काडीसारखे, मधलं बोट चांगलंच लांब. घारीचे पाय आखूड असतात, ससाण्याचे डोळे काळेभोर, असं ती सांगत राहिली. हा शिक्रा होता, आणि शिक्र्याला भाकरी म्हणजे माती.

"मांस लागंल, अव्वा. बारीक तुकडे करून. आजच."

ओट्यावर तनुजाचे वडील अमृतराव अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. तनुजानं रविकिरणशी लग्न केलं, त्या घरात मटण शिजतं, तेव्हापासून बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. फोनवर तिचा आवाज आला की ते उठून बाहेर जात.

आजही उठले. गौरम्मा त्यांच्या पाठीकडं बघत राहिली.

परतले तेव्हा डोक्यावरचा रुमाल नाकापर्यंत ओढलेला होता आणि हातातली कॅरीबॅग अंगापासून वीतभर लांब. न्हाणीच्या दगडाशी ते उकिडवे बसले. गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सारलं, अडकित्ता काढला आणि कोंबडीची कलेजी कातरायला लागले. सुपारीसारखीच, पातळ.

"अहो, त्या अडकित्त्यानं?"

"मग तुझी विळी घेऊ?"

पहिला तुकडा खाली पडला. दुसरा पिल्लानं गिळला. मग त्यानं अमृतरावांच्या बोटात नखं रुतवली आणि चोच वासली. रक्ताचा थेंब आला. त्यांनी बोट काढून घेतलं नाही.

"खा," ते हळूच म्हणाले. "कुणी काय म्हणत न्हाई तुला."

गौरम्मानं तनुजाला फोन पुन्हा लावला होता. तो तिनं त्यांच्याकडं वळवून धरला. अमृतरावांनी वर पाहिलं नाही.

"अजून देऊ, का पुरे?"

पलीकडं तनुजानं चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला.

"गळ्याखाली फुगलंय का, अप्पा?"

"फुगलंय."

"मग पुरे."

पिल्लू टोपलीत ठेवून ते उठले आणि धुवायला दोन्ही हात पुढं करून उभे राहिले. गौरम्मानं तांब्या भरून आणला. समोर आली, थांबली. तांब्या सरळच धरला. फोन तिनं बंद केला नव्हता.

"लेकीकडं जेवायला कधी जायचं?" ती म्हणाली. "आधी ते सांगा. मग पाणी."