पसाऱ्यातली पाहुणी

तेव्हा चर्चमधली बाकं लाकडी होती, आणि लख्खबाईने पुसली की त्यांत तोंड दिसायचं. त्यावरूनच तिला हे नाव पडलं. खरं नाव पाळकसाहेबांनाही आठवत नसे. शनिवारी दुपारभर ती गुडघ्यांवर बसून फरशी घासायची आणि संध्याकाळी कंबर धरून घरी यायची. घरी मात्र दिव्याखाली अंधार. दोन खोल्या, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली सासू, कारखान्यात रात्रपाळी करणारा नवरा, आणि धुतलेल्या कपड्यांचा एक ढीग. तो पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पुन्हा पलंगावर जायचा. कपाटापर्यंत काही पोचायचा नाही.

देवाचं घर लख्ख ठेवणारीचं स्वतःचं घर असं, हे कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ती जिवाचा आटापिटा करायची. कोणी दार वाजवलं की बाहेर येऊन दार मागे ओढून घ्यायची आणि जिन्यातच बोलायची. "घराला रंग काढलाय," हे ठरलेलं उत्तर.

"इतकी वर्षं रंग चाललाय, घर आहे की जहाज?" बायका चिडवायच्या.

चर्चच्या त्या मंडळीत एक रीत होती. कोणाच्या घरचं माणूस गेलं की मागे राहिलेल्याला दर रविवारी उपासनेनंतर एकेका कुटुंबाने आपल्या घरी जेवायला न्यायचं. त्याने एकट्याने जेवू नये, एवढाच त्यातला हेतू. त्या वर्षी बेकरीवालीचा नवरा गेला. ती बेकरीत पहाटेपासून कणीक मळायची. लख्खबाईची शाळेपासूनची मैत्रीण. मूलबाळ नव्हतं. घरोघरच्या बायका तिला हाताला धरून नेत होत्या. लख्खबाईचा रविवार आला तेव्हा तिने भल्या पहाटे उठून चार भांड्यांचा डबा भरला आणि मैत्रिणीच्या दारात नेऊन दिला. "रंग काढलाय गं," म्हणाली. बेकरीवालीने डबा घेतला.

पुढच्या शनिवारी दिवेलागणीला दार वाजलं. बेकरीवाली डबा परत घेऊन आली होती. तोंड उतरलेलं, डोळ्यांखाली काळं.

"भावाने कायमचं बोलावलंय त्याच्या गावी. उद्या हो-नाही कळवायचंय," ती म्हणाली. "जरा बसू का तुझ्याकडे?"

लख्खबाईचा हात सवयीने दाराकडे गेला. "बसशील गं. दोनच मिनिटं थांब, आवरते."

दार लागलं. आत धांदल उडाली. ढीग पलंगाखाली, खरकटी ताटं टोपलीखाली, सासूबाईंची औषधं खिडकीत. सतरंजी झटकली तर धूळच उडाली, म्हणून पुन्हा केर काढला.

"कोण आलंय गं?" सासूबाई ओरडल्या.

"बेकरीवाली."

"मग तिला जिन्यात का उभी केलीस? दूधवाली आहे का ती?"

"आई, जरा दम धरा."

लख्खबाईने पदराने घाम पुसून दार उघडलं. पायरीवर नुसता डबा होता.

"झालं आवरून?" आतून सासूबाई म्हणाल्या. "बस आता त्या सतरंजीवर एकटी. स्वच्छता बघून घे."

लख्खबाईच्या पायांत गोळे आले होते. पुन्हा जिना उतरायचा म्हणजे जिवावर आलं. पण ती उतरली. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बेकरीवाली बसलेली दिसली.

"उठ, घरी चल."

"राहू दे गं. तुला कामं असतात."

"असतातच. म्हणून काय झालं?" लख्खबाईला रडू फुटेल असं वाटलं. "अगं, डबा तरी आवडला का?"

"चव चांगली होती. पण तो मी माझ्या घरी खाल्ला. एकटीनेच."

लख्खबाईने तिचं मनगट धरलं आणि उठवलं. "रंगबिंग काही नाही. उकिरडा आहे नुसता. चल."

त्या दोघी वर आल्या तोवर सासूबाईंनी हात लांबवून खिडकीतली औषधं घ्यायला जाऊन पाण्याचा तांब्या सतरंजीवर लवंडला होता. बसायला कोरडी जागा कुठे उरली नव्हती. लख्खबाईने पलंगाखालून कपडे ओढून काढले आणि भिंतीशी टाकले. "यावर बस."

बेकरीवाली बसली. पाठ टेकली. "भाऊ म्हणतो, तिथे तुझी खोली वेगळी असेल, कोणाचा त्रास नाही..." एवढं बोलली आणि बोलता बोलताच झोपली. नवरा गेल्यापासून तिला धड झोप नव्हती, हे लख्खबाईला नंतर कळलं.

"उठवू नकोस हं," सासूबाई कुजबुजल्या. "तुझ्या त्या लख्ख चर्चमध्ये तरी इतकं गाढ झोपतं का कोणी?"

"झोपतात की. प्रवचन सुरू झालं की."

सासूबाई खुदकन हसल्या आणि आपल्या चांगल्या हाताने डोक्याखालची उशी ओढून पुढे केली. लख्खबाईने ती मैत्रिणीच्या मानेखाली सरकवली. भाजी चुलीवर गार होत गेली. सांडलेलं पाणी तिने पुसलं नाही. पुसायला वाकवतच नव्हतं.

बेकरीवाली जागी झाली तेव्हा घासलेलं ताट एकच होतं. दोघी त्यातच जेवल्या. सासूबाईंना लख्खबाईने भरवलं.

"भावाला काय सांगणार?" सासूबाईंनी विचारलं.

बेकरीवालीने घास गिळला. "सध्या नाही, म्हणून सांगते."

कधीच जाणार नाही, असं ती म्हणाली नव्हती. लख्खबाईने ते ऐकलं आणि तिच्याकडे आणखी भाजी सरकवली.