वेइला नवी वाट कोण सांगणार

माझ्या दंडावर लाल पट्टा होता, म्हणून गल्लीतल्या लोकांना वाटायचं, गुआन मावशी म्हणजे कोणीतरी बडी असामी. डोंबल माझं! पट्टा म्हणजे काय, तर सकाळी स्टूल घेऊन गल्लीत बसायचं आणि डोळ्यांत तेल घालून बघायचं, कोण थुंकतंय, कोण बनियन वर गुंडाळून उघड्या पोटाने हिंडतंय, कोणाच्या घरी बाहेरगावचा पाहुणा उतरलाय. बीजिंगला ऑलिंपिक आलं होतं. सगळं जग यायचं होतं आणि जगाला आमची पोटं दिसू नयेत, असं वस्तीच्या कार्यालयात ठरलं होतं.

खोटं कशाला बोलू, पट्टा बांधला तेव्हा मलाही मूठभर मांस चढलं. पण मग एकेक सुरू झालं. सकाळी तेलात पिठाच्या कांड्या तळणारा आन्हुई प्रांतातला माणूस गेला. खेळ संपेपर्यंत गावी जा म्हणाले त्याला. भाजीवाली गेली. मटण भाजणाऱ्याची शेगडी उचलून नेली, धूर होतो म्हणून. आकाश मात्र असं निळंशार झालं की आम्ही म्हातारी माणसं माना वर करकरून बघायचो. आणि शेवटी गल्लीच्या तोंडावर भिंत आली. मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना आमची पडकी छपरं दिसू नयेत म्हणून राखाडी विटांची, नीटस, बाहेरून फुलांच्या कुंड्या मांडलेली. जन्मभर ज्या तोंडाने आत-बाहेर केलं तेच बंद. आता घरी यायचं तर सार्वजनिक संडासाला वळसा घालायचा, न्हाव्याच्या दुकानापाशी वळायचं आणि चोरासारखं मागून शिरायचं.

सगळ्यांनी चार दिवस शिव्या घातल्या, मग वळशाची सवय करून घेतली. एका शूलानला काही ती होईना.

शूलान आणि मी एकाच अंगणात नवऱ्या म्हणून आलो, समोरासमोरच्या खोल्यांत. माझा नवरा लवकर गेला. तिचा वेइ, विजेच्या तारेवरची बस चालवायचा तो, मागच्या हिवाळ्यात छाती भरून गेला. काय तो खेळांचा वेडा! बीजिंगला ऑलिंपिक मिळालं त्या दिवशी माझी कढई उचलून गल्लीभर बडवत धावला. अजून तिला पोचा आहे. कार्यालयातल्या इंग्रजीच्या वर्गाला जायचा आणि अंगणातल्या मांजराला "वेलकम टू बेजिंग" म्हणायचा. लांब पळायची शर्यत आपल्या गल्लीच्या तोंडावरून जाणार, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. तिथे बसायला म्हणून एक घडीचं स्टूलही आणून ठेवलं. दवाखान्यात नाकात नळ्या, तरी म्हणतो, "गुआन, माझी जागा धरून ठेव. कोणाला बसू देऊ नकोस." मी म्हटलं, "मेल्या, आधी उठून तर बस." तो काही उठला नाही.

तर एका संध्याकाळी मी शेंगा निवडत होते आणि शूलान येऊन समोर उभी राहिली.

"गुआन, वेइ गेला तेव्हा भिंत नव्हती ना?"

"नव्हती. उन्हाळ्यात बांधली. तुझ्या डोळ्यांदेखत."

"मग त्याला कसं कळणार?"

मला आधी उमगेना. मग हातातली शेंग हातातच राहिली. सातव्या महिन्याची पौर्णिमा चारच दिवसांवर आली होती. त्या दिवशी गेलेली माणसं घरी येतात, त्यांच्या नावाने कागदाचं जे जाळावं ते त्यांना पोचतं, आणि वेइचं हे पहिलंच वर्ष.

"तो सरळ मोठ्या रस्त्याने येणार," शूलान म्हणाली. "त्याला दुसरी वाट माहीतच नाही. येऊन बघेल तर भिंत. पत्ता चुकला म्हणेल आणि परत जाईल. तू ओळखतेस ना त्याला, एक शब्द कोणाला विचारायचा नाही. बस चालवत होता, पण गावात वाट चुकला तरी विचारायचा नाही."

"चव्हाट्यावर कागद जाळताना सांग की त्याला. नाव घेऊन हाक मारायचीच असते, तेव्हाच सांगून टाक, बाबा रे, संडासाच्या बाजूने ये."

हे मी बोलून गेले आणि जीभ चावली. कारण यंदा कागद जाळायचे नाहीत, चव्हाट्यावर नाही, अंगणात नाही, पाहुणे जाईपर्यंत शहरात धूर म्हणून दिसता कामा नये, ही सूचना दारोदार जाऊन वाचून दाखवणारी मीच होते. शूलानच्या दारातही मीच वाचली होती, घसा खाकरून.

ती नुसती माझ्या दंडाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या खोलीतून कात्रीचा आवाज यायला लागला. पितरांचं कागदी सामान विकणारं दुकान कधीच बंद करून टाकलं होतं, म्हणून बाईने शेवयांच्या खोक्याचा टीव्ही करायला घेतला. काळा कागद चिकटवला, बटणं काढली, आणि पडद्याच्या जागी वर्तमानपत्रातलं नव्या स्टेडियमचं चित्र डकवलं. काय सुंदर झाला होता म्हणून सांगू! मी दारात उभी राहून बघत होते.

"रिमोट कुठाय?" मी म्हटलं.

"अगं बाई!"

"रिमोट नसला तर तिकडेही बोंबलेल तो. इथे काय कमी छळलं?"

शूलान हसली. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा हसताना बघितली मी तिला. मग साबणाच्या खोक्याचा रिमोट झाला. तिने त्याला आकडेसुद्धा काढले.

आता इतकं झाल्यावर मी काय पट्टा कुरवाळत बसणार होते? मी म्हटलं, "आपल्याच अंगणात जाळू. माझी कढई घे, त्याच्याच हातचा पोचा आहे तिला. मी दारात स्टूल टाकून बसते. पट्टेवाली दारात असल्यावर आत कोण बघतंय?"

पौर्णिमेच्या दिवशी उन्हं उतरली तशी तिने खडूने फरशीवर गोल काढला, वेइला पुरलंय त्या टेकडीच्या दिशेला फट ठेवली. एक कागद गोलाबाहेर जाळला, ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी, म्हणजे ते वेइच्या सामानावर हात मारणार नाहीत. मग कढई गोलात ठेवून आधी रिमोट टाकला. तो भसकन पेटला. मी दारातून एक डोळा गल्लीत आणि एक आत ठेवून बसले होते. शूलान हलक्या आवाजात बोलत होती, तो भाजी आणायला निघाला की बोलायची तशी.

"वेइ, अहो, ऐकताय ना? हे घ्या. टीव्ही पाठवतेय, जपून धरा. आणि हे बघा, नेहमीच्या वाटेने येऊ नका..."

तिने टीव्ही कढईत ठेवला. खोकं जाड, ते पटकन पेट घेईना, नुसताच धूर यायला लागला. काडीने ढोसायची सोय नाही. ढोसलं तर तिकडे फाटकं पोचतं. शूलान हात बांधून वाट बघत बसली. धूर सरळ वर निळ्या आभाळात.

तेवढ्यात न्हाव्याच्या दुकानाकडून छोटा फांग आला. कार्यालयातला पोरगा, लग्नाचं वय उलटायला आलंय तरी आम्ही छोटाच म्हणतो.

"मावशी, तुमच्याकडून धूर येतोय. मागच्या उंच इमारतीतून फोन आला."

"कसला धूर? मी वांगी भाजतेय."

"तुम्ही तर इथे बसलाय."

"मग शूलान भाजतेय! तू काय वांग्यांची चौकशी करायला आलास? बस, पाणी पी. घामाघूम झालायस. आई बरी आहे का?"

"मावशी," तो रडकुंडीला आला होता. "माझ्यामागून वरचे लोक येतायत. त्यांनी बघितलं तर आधी तुम्हाला नेतील. पट्टा तुमच्या दंडावर आहे. मग मला विचारतील. माझ्या आजीचंही पहिलंच वर्ष आहे हो. मला तर रजाच नाही दिली गावी जायला. मी काय करू, सांगा ना?"

मी उठून त्याला हाताला धरून स्टुलावर बसवलं. आणि ते सगळं आत ऐकू जात होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

चर्र आवाज झाला. मी धावत आत गेले. शूलानने धुण्याची बादली कढईत उपडी केली होती. टीव्हीचा एक कोपरा तेवढा जळला होता. स्टेडियमचं चित्र काळ्या पाण्यावर तरंगत होतं.

"अगं हे काय केलंस!"

"तुला नेलं असतं."

"नेलं असतं तर नेलं असतं! चुलीत गेला तो पट्टा!"

"कढई उचल," ती म्हणाली. "ते येतील."

ते आले, ओल्या फरशीकडे बघितलं, अंगण स्वच्छ ठेवता म्हणून माझं कौतुक केलं आणि गेले. छोटा फांग जाताना मान खाली घालून गेला. शूलान खोलीच्या पायरीवर बसली होती.

"नुसता रिमोटच पोचला गं त्याला," ती म्हणाली. "आणि वाट सांगायची अर्धीच राहिली. येऊ नका एवढंच बोलले मी."

मला रडू फुटलं. मी कढई घासायचं निमित्त करून नळावर गेले. आता काय करायचं, उद्या करू का, उद्या चालतं का, कोणाला विचारू, असं मनात घोळत होतं. चालत नाही हे मलाही माहीत होतं. येणारा आजच येणार.

परत आले तर पायरी रिकामी. आत वेइसाठी केलेल्या, सॉस घातलेल्या शेवयांचं पातेलं उघडं होतं आणि त्याचा वाडगा जागेवर नव्हता. दाराआडचं त्याचं घडीचं स्टूलही नव्हतं.

मी तशीच निघाले. न्हाव्याचं दुकान, संडास, सगळा वळसा घालून, धापा टाकत मोठ्या रस्त्याला लागले. चंद्र नुकताच वर आला होता. सगळीकडे दिवे, फुलं, गळ्यात कसली कसली ओळखपत्रं घातलेले गोरे लोक. आणि समोरून शूलान येत होती. दोन्ही बाजूंनी निळ्या सदऱ्यातल्या दोन स्वयंसेवक मुली, एकीने दंड धरलेला, दुसरीच्या हातात वाडगा आणि स्टूल.

"आजी तुमच्या का?" वाडगेवाली मला म्हणाली. काय गोड पोरगी, गालाला खळी पडत होती. "वाट चुकल्या होत्या. भिंतीसमोर स्टूल मांडून बसल्या होत्या, घर इथेच आहे म्हणत होत्या. आम्ही म्हटलं, आजी, इथे तर रस्ताच नाही. मग पत्ता विचारून घेऊन आलो."

"मी सांगितलं त्यांना, मी बसते म्हणून," शूलान म्हणाली.

"एकटं बसायचं नाही हं, आजी," दुसरी म्हणाली. "आम्ही आहोत ना."

चिडू तरी कोणावर? मी म्हटलं, मुलींनो, सोडा, मी बघते. तर ऐकेनात. घरापर्यंत सोडणं हेच आमचं काम, म्हणाल्या. दोघींनी तिला अलगद वळवलं, खड्डा आला की "जपून हं" म्हणत, संडासाच्या बाजूने, न्हाव्याच्या दुकानापाशी वळून, थेट अंगणात आणलं. स्टूल दाराआड ठेवलं. वाडगा तिच्या हातात दिला. खळीवाली लवून म्हणाली, "आता सापडलं ना घर?"

शूलानने मान हलवली. पोरी हात हलवत निघून गेल्या. शेवया गार होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. मी वाडगा तिच्या हातातून घ्यायला गेले, तर ती सोडेना. गल्लीच्या त्या बंद तोंडाकडे बघत होती.

"अजून आला नव्हता गं," ती म्हणाली.