उलटं बसलेलं प्रथिन

माझी सवत एक प्रथिन आहे. दिसत नाही, बोलत नाही, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

पेशीभोवती म्हणे चरबीचं पातळ आवरण असतं. त्यातून वाट्टेल ते आत-बाहेर करू शकत नाही. आवरणात बसलेली प्रथिनं ठरावीक पदार्थ पलीकडे पोचवतात. आमच्या ह्यांनी उभा जन्म अशाच एका प्रथिनावर काढला. ते जंतूला अन्न आत आणून देतं, हा यांचा सिद्धांत. लाडाचं नाव ‘अन्नदाता’. निवृत्त झाले तरी प्रयोगशाळेतलं टेबल काही सुटलं नाही. “एवढा एक प्रयोग झाला की मी घरीच आहे,” हे ऐकून ऐकून माझे कान किटले. मला दागदागिने नको होते. दुपारचा चहा दोघांनी मिळून प्यावा, एवढंच.

सून त्याच प्रयोगशाळेत काम करते. एका रविवारी ती स्वयंपाकघरात आली ती चेहरा पाडूनच.

“आई, बाबांचं प्रथिन अन्न आत आणत नाही. विष बाहेर फेकतं.”

“मग इतकी वर्षं यांना आत येताना कसं दिसलं?”

“बाबा ते पेशीतून काढून चरबीच्या कृत्रिम फुग्यांत बसवायचे ना, तिथे ते उलटं बसायचं. सदरा उलटा घातला की शिवण बाहेर येते, तसं. मग जे बाहेर फेकायचं ते फुग्यात आत भरलं जायचं. मी त्याच्या आतल्या टोकाला चमकणारी खूण लावली, तर ती बाहेरच्या बाजूला दिसली. पुन्हा पुन्हा पाहिलं. कसं सांगू हो? खचतील ते.”

खचतील! तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी मनातल्या मनात मांडे खायला लागले होते. खचलेला माणूस घरी बसतो. लाज वाटली मला, नाही असं नाही. पण फार नाही.

“आजच सांग,” मी म्हणाले. “खरं ते लपवू नये.” एरवी खऱ्याशी माझं एवढं सख्य नाही.

जेवताना तिने सांगितलं. हे घास हातात धरून ऐकत राहिले, मग तो ताटात ठेवला. चेहरा पांढराफटक. माणूस घरी हवा होता, पण असा मोडलेला नको होता.

“उलटं बसलं होतं?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो, बाबा.”

“आणि मी एकदाही तपासलं नाही?”

मग हे हसायला लागले. लग्नाच्या फोटोतसुद्धा हा माणूस असा हसलेला नाही.

“अगं, मग जंतू औषधाला दाद देत नाही तो यामुळेच असेल! औषधच बाहेर फेकत असणार हे! सगळं नव्याने करून बघायला हवं!”

उष्ट्या हातानेच निघाले होते. मी ओरडले तेव्हा हात धुतले. “दहा वर्षं तरी पुरेल एवढं काम आहे!” जिन्यावरून आवाज आला.

मला रडू कोसळलं. सून धावत आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “रडू नका, आई. बघा ना, बाबांनी किती छान पचवलं!”