तिसरी रांग

डॉक्टर लिम चहाला आल्या तेव्हा कमलाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता गुणगुणत होत्या. घडलं ते एवढंच. पण काही संकटं अशीच चहाच्या निमित्ताने घरात शिरतात, चपला काढून, हसतमुखाने.

"तुझी आई काय गाते आहे?" लिमबाईंनी कान टवकारले.

"ओव्या. जात्यावरची गाणी," प्रियदर्शिनी म्हणाली आणि लगेच बिस्किटांची बशी पुढे केली. उपयोग झाला नाही. लिमबाई उठून थेट स्वयंपाकघराच्या दारात गेल्या, कमलाबाईंकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे, आणि मग समोर टाळ्या वाजवणारी माणसं बसली आहेत असा अभिनय केला. कमलाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं कळायला इंग्रजी लागतं कशाला?

"गानं म्हनायचंय व्हय? म्हनते की!" कमलाबाई खुशीत म्हणाल्या.

प्रियदर्शिनी मात्र घाबरली.

लिमबाई तिच्या कॉलेजातल्या विभागप्रमुख. टेकडीवरचं ते कॉलेज शंभर वर्षांहून जुनं. त्या काळी बोटी सिंगापूरला थांबल्या की व्याख्याते, जादूगार, व्हायोलिनवाले, कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करणारे खाली उतरायचे आणि बोट सुटेपर्यंतची एक संध्याकाळ कॉलेजच्या हॉलमध्ये बोलायचे नाहीतर गायचे. पाहुणा कुठल्या भाषेत तोंड उघडेल याचा नेम नसे. म्हणून पहिल्या प्रिन्सिपलसाहेबांनी रीत घालून दिली होती: ज्याने पाहुणा आणला त्याने स्टेजवर त्याच्या शेजारी बसायचं आणि पाहुणा जे बोलेल ते सगळं हॉलला इंग्रजीत सांगायचं. गाळायचं काही नाही. साहेब गेले, बोटी गेल्या, रीत मात्र राहिली. लिमबाईंनी ती संध्याकाळ पुन्हा सुरू केली होती आणि आता त्यांना कमलाबाई हव्या होत्या.

आता कुणी म्हणेल, यात घाबरण्यासारखं काय आहे? आईचं कौतुक होतंय तर लेकीने मिरवावं. पण सिंगापुरातल्या मराठी मंडळींत प्रियदर्शिनी ही प्रियदर्शिनी नव्हती. ती 'प्रिया' होती. नवऱ्याचं, रत्नदीपचं, आडनाव गावावरून पडलेलं, धानोरकर. त्यातून कुणाला काही कळत नसे आणि कळू नये याची ती काळजी घेत असे. पासिर रिस भागात राहायला आल्यावर खालच्या मजल्यावरच्या अरुणाताईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा गं?" आणि प्रियाच्या तोंडून निघून गेलं होतं, "सासरी दीड दिवसाचा." त्या दीड दिवसाला आता नऊ वर्षं होत आली होती. दरवर्षी अरुणाताईंच्या घरी आरतीला उभं राहायचं, ओठ हलवायचे आणि प्रसाद घेऊन घरी यायचं. रत्नदीप जुरोंग आयलंडच्या कारखान्यातली शिफ्ट पुढे करून ते टाळायचा. "एकदा सांगून टाक ना," तो म्हणायचा. सांगून टाक म्हणायला त्याचं काय जातंय!

अरुणाताई काही दुष्ट बाई नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. प्रियाचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर डबा त्यांनी दिला. तापात उशाशी बसल्या. या परक्या देशात प्रियाला माहेर म्हणावं असं एकच घर होतं, ते अरुणाताईंचं. आणि त्याच घरात, त्याच टेबलावर, पुरणपोळी वाढता वाढता त्या एकदा नवऱ्याला सहज म्हणाल्या होत्या, "अहो मनोहर, तुमच्या रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात नवीन आलाय तो कोट्यातला वाटतो, नाही का? बोलण्यावरूनच कळतं." सगळे हसले. प्रियाही हसली. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत तिची रूममेट सुलेखा अशीच गोड होती. एके दिवशी प्रियदर्शिनीच्या उशीखाली बाबासाहेबांचा फोटो दिसला आणि दुसऱ्या दिवसापासून सुलेखाचा कप वेगळा झाला. भांडण नाही, शब्द नाही, फक्त कप वेगळा. प्रियाला भीती वाटायची ती त्या कपाची.

आणि कमलाबाई म्हणजे कोण? नवऱ्याच्या भीमगीतांच्या जलशात पंचवीस वर्षं पुढे उभं राहून गायलेली बाई. परभणीकडच्या एका गावात स्टेजवर दगड आले, कपाळ फुटलं, तरी पदराने रक्त पुसून कडवं पुरं केलेली. तिच्या कुठल्याही ओवीत, माहेरची असो की भावाची, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या ओळीत भीमराया येणारच. आणि स्टेजवर पाय ठेवला की पहिला शब्द 'जय भीम'. हे थांबवायचं कसं?

"माय," त्या संध्याकाळी प्रियदर्शिनी तिच्याजवळ बसली, "इथं फार कडक असतं. गाण्यात कुणा पुढाऱ्याचं नाव आलेलं सरकारला चालत नाही. तू नुसत्या माहेरच्या ओव्या म्हण. भीमरायाच्या नको. आणि जय भीमपण नको."

हे धादांत खोटं होतं. लिमबाईंनी रीतसर परवानगी काढली होती आणि आईंना हव्या त्या ओव्या म्हणू देत, असं दोनदा सांगितलंही होतं. पण या देशाच्या शिस्तीचा असा बोलबाला आहे की तिच्या नावावर काहीही खपतं.

कमलाबाईंच्या हातातली वाटी खाली आली. "नाव घेतलं तर काय करतेत?"

"नोकरीचा पास रद्द करतात. माझा, रत्नदीपचा. घरी पाठवतात."

तेवढं ती बोलायला नको होती. त्या दिवसापासून घरातलं गुणगुणणं थांबलं. फोनवर भावाला जय भीम म्हणायची वेळ आली की म्हातारी आधी दार लावून घ्यायची. लिफ्टमध्ये कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घ्यायची. प्रियदर्शिनी ते बघायची आणि मनाला समजवायची, एका संध्याकाळपुरतं आहे, होऊन जाईल.

अरुणाताईंना मात्र पोस्टर दिसलं आणि त्या आनंदून गेल्या. "अगं प्रिया, आई गाणार आणि तू सांगितलंसुद्धा नाहीस? आम्ही सगळे येतोय!" सगळे म्हणजे सगळे. मनोहरराव, आणि दरवर्षी त्यांच्या घरी आरतीला येणारे दोघे, चैत्राली आणि सगळ्यांत मोठा आवाज लावणारा मुकुल. मुकुल आला की अरुणाताई टाळ त्याच्याच हातात द्यायच्या. प्रियाला त्याची जरा जास्तच धास्ती वाटायची. त्याची नजर बारीक होती आणि तो माणसाच्या तोंडाकडे बघत राहायचा.

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला. जुने लांब दांड्यांचे पंखे, भिंतीवर जुन्या प्रिन्सिपलांच्या तसबिरी. प्रियदर्शिनीने पडद्याआडून पाहिलं. तिसऱ्या रांगेत मधोमध अरुणाताई नारायणपेठ नेसून बसल्या होत्या, हातात मोबाइल तयार. बाकी हॉलमध्ये मराठी कळणारं कुणी नव्हतं. तीनशे माणसांची भीती नव्हती, भीती त्या एका रांगेची होती. 

मायलेकी स्टेजवर गेल्या. खाली गादी, पुढे दोन माईक. कमलाबाईंनी सवयीने हात जोडले, ओठ उघडले, आणि मिटून घेतले. नुसतीच मान लववली. प्रियदर्शिनीने सुटकेचा श्वास टाकला. तिने इंग्रजीत ओळख करून दिली: ही माझी आई, महाराष्ट्रातल्या बायका पहाटे दळताना म्हणायच्या ती ही पारंपरिक गाणी. सगळं गुळगुळीत, कुठे बोट ठेवायला जागा नाही. तिसऱ्या रांगेतून अरुणाताईंनी अंगठा वर केला.

कमलाबाईंनी समोर जातं असल्यासारखा हात फिरवायला घेतला आणि आवाज लावला.

"जात्याच्या पाळूवरी पीठ पडं सांडलेलं,
भीमरा..."

हात थांबला. आवाज थांबला. कमलाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

हॉल वाट बघत राहिला. म्हातारीचे डोळे दाराकडे लागले होते. तिथे कॉलेजचा रखवालदार उभा होता, निळ्या गणवेशात, बिचारा गाणंच ऐकत होता.

"दर्शने," कमलाबाई लेकीला घरच्या नावाने पुटपुटल्या, आणि माईकने तो शब्दन् शब्द उचलून हॉलभर नेला, "भीमरायाचं नाव गेलं गं माझ्या तोंडातून. तो पोलीस बघायलाय. तुझी नोकरी जाईल का?"

 प्रियदर्शिनीने तिसऱ्या रांगेकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. अरुणाताईंचा मोबाइल अजून वर होता, पण त्यामागचा चेहरा बदलला होता. मनोहररावांनी बायकोकडे पाहिलं. मुकुलने मान खाली घातली.

लिमबाईंनी विंगेतून खूण केली. रीत! पाहुण्या काय म्हणाल्या ते सांग.

"माझी आई म्हणते," प्रियदर्शिनीने इंग्रजीत सांगितलं, "की दिव्यांचा उजेड डोळ्यांवर येतोय."

हॉल मायेने हसला. कुणीतरी धावत जाऊन एक दिवा मंद केला. तिसरी रांग हसली नाही. त्या सगळ्या हॉलमध्ये ती खोटं बोलली हे फक्त त्या रांगेला ठाऊक होतं.

"मला खाली ने," कमलाबाई उठायला लागल्या.  प्रियदर्शिनीने त्यांचा हात धरला तर तो बर्फासारखा गार होता. लेकीने आईला घाबरलेलं असं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. दगड आले तेव्हा ती सहा वर्षांची होती, स्टेजखाली बसली होती, आणि वर आई गात होती म्हणून तिला भीती वाटली नव्हती. जे दगडांना जमलं नाही ते आज लेकीने करून दाखवलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, इतकी की क्षणभर भीतीसुद्धा मागे पडली.

"बस, माय. तो पोलीस नाही. परवानगी आहे. सगळ्या गाण्यांना आहे, पहिल्यापासून होती."

"मग तू म्हनलीस ते?"

"खोटं बोलले."

 "मला खोटं? कामून गं?"

"मला भीती वाटत होती."

"कुनाची?"

माईक चालू होता. तो बंद करायचं बटन तिच्या बोटाखालीच होतं. प्रियदर्शिनीने ते दाबलं नाही. तिला डबे आठवले, तापातला कपाळावरचा हात आठवला, सुलेखाचा कप आठवला.

"आपल्याच लोकांची," ती म्हणाली. "ते बघ, तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांना माहीत नाही आपण कोण ते. मी नऊ वर्षं कळू दिलं नाही."

मग तिने हॉलकडे तोंड केलं आणि इंग्रजीत सगळं सांगितलं. दिव्याचं खोटं, परवानगीचं खोटं, आईने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, काही न गाळता.   अरुणाताईंनी मोबाइल खाली घेतला आणि पर्समध्ये ठेवला. त्या प्रियाकडे बघत नव्हत्या.

कमलाबाई मात्र त्यांच्याकडेच बघत होत्या. नीट, एकेकाच्या तोंडाकडे. मग म्हातारीने पदर सावरला, दोन्ही हात जोडले आणि तिसऱ्या रांगेलाच उद्देशून, जलशातल्या खणखणीत आवाजात म्हटलं, "जय भीम."

 अरुणाताई पर्सची चेन लावत राहिल्या. मनोहरराव छताकडे बघू लागले. चैत्रालीचे हात अर्धवट जुळले आणि पुन्हा मांडीवर गेले. प्रियदर्शिनीला वाटलं, झालं, संपलं, माहेर गेलं.

तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची वाजली. मुकुल उभा राहिला होता.  अरुणाताईंनी त्याची बाही ओढली, "अरे, तू कुठे निघालास?"

तो निघाला नव्हता. त्याने हात जोडले.

"जय भीम, माय," तो म्हणाला. आरतीत सगळ्यांच्या वर चढणारा तो आवाज आज जेमतेम ऐकू आला.

अरुणाताईंच्या हातातली बाही सुटली. मुकुल तसाच उभा राहिला, आणि प्रियदर्शिनी स्टेजवरून त्याच्याकडे बघत राहिली. नऊ वर्षं हा माणूस आपल्या तोंडाकडे का बघत होता ते तिला आत्ता कळलं. तोही तिच्यासारखाच लपून होता, आणि तिला भीत होता.