इलामचा हात

आम्हा क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या सभेत मूक प्रार्थना संपली हे कुणी तोंडानं सांगत नाही. समोरच्या उंच बाकावरचा मुख्य वडीलधारा शेजाऱ्याशी हात मिळवतो, की सगळे उठतात. चाळीस वर्षं तो हात इलाम मॅकॉयचा आणि शेजारचा माझा. त्यातला माझा मान अर्धाच, पण मी तो कधी सोडला नाही.

त्या वर्षी मायल्स आणि टॅमर हॉकिट हे नवरा-बायको गाऊन-ओरडून प्रार्थना करणाऱ्यांच्या तंबूतल्या मेळाव्याहून आले ते पार बदलून. म्हणे, देवानं मन एका क्षणात धुऊन काढलं. आमच्या सभेत बायकाही उठून बोलतात, त्याचं काही नाही. पण टॅमर बोलता बोलता गायला लागली, आणि मायल्स 'आमेन' म्हणत मांडीवर थाप मारायला लागला. जिथं कुणी खोकायलाही बिचकतं, तिथं थाप. इलामचं डोकंच फिरलं. चौदा वर्षांपूर्वी एकुलता मुलगा लढाईत मेल्यापासून तसाही तो कुणाला जवळ येऊ देत नव्हता.

"ओबेद," त्यानं मला कुंपणापाशी गाठलं, "रविवारी ती गायला लागली की मी हात पुढे करीन. तू लगेच धर. सभा संपली. तरी ती गप्प बसली नाही, तर दोघांना समाजातून काढायचं."

"आणि बसली तर?"

"टॅमर? तू काय आज ओळखतोस तिला?"

चांगला ओळखत होतो. माझी बायको किझाया वारली तेव्हा मी वस्सकन अंगावर जायचो, तरी टॅमर महिनाभर सूप घेऊन येत राहिली. पण मी पडलो भित्रा. हो म्हणालो.

रविवारी तासभर शांतता. मग बायकांच्या बाजूनं टॅमर उठली, दोन वाक्यं बोलली आणि गायला लागली. आवाज काही फार गोड नाही तिचा. इलामचा हात पुढे आला. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर घट्ट बसलो.

"हात दे," तो दातओठ खात कुजबुजला.

"नाही देत, जा."

त्याचा हात तसाच अधांतरी. आता तंबूत असा हात कोण पुढे करतो? ज्याला आपल्यासाठी प्रार्थना हवी, तो. टॅमरनं तोच अर्थ घेतला. गाणं अर्धवट टाकून ती तरातरा आली, पायऱ्या चढली आणि इलामचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

"किती वर्षं वाट बघायला लावलीस रे," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे.

मला हसू आवरेना, मी टोपी नाकापर्यंत ओढली. पण आता इलाम हात झटकणार आणि हॉकिट दोघांना घालवणार, ही धास्तीही होती. रीतीप्रमाणे हात मिळाले होते, सभा संपली होती. उठलं मात्र कुणीच नाही.

इलाम लालबुंद झाला. मग चौदा वर्षांत जे नाव त्यानं घेतलं नव्हतं, ते घेतलं.

"माझा वॉरेन," तो म्हणाला. आणि मग, "सोडू नकोस."

मी मांड्यांखालचे हात बाहेर काढले. पार मुंग्या आल्या होत्या. तसाच एक त्याच्या खांद्यावर ठेवला.